साउथडेल : उपनगरी मॉलमधील बदलती दुकाने आणि न साकारलेला चौक — एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

एखाद्या वास्तूचा इतिहास लिहिताना तिची रचना, तिचा निर्माता आणि तिच्या बांधकामाचा काळ यांचा विचार प्रामुख्याने केला जातो. व्यापारी वास्तूच्या बाबतीत हे निकष अपुरे पडतात. तिच्या भिंती उभ्या राहतात आणि त्यांवरील पाट्या बदलत जातात. कोणत्या जागी आधी कोणते दुकान होते, ते का गेले आणि त्याच्या जागी कोण आले, हा क्रम वाचल्याशिवाय अशा वास्तूचा अर्थ लागत नाही. पाट्यांचा हा क्रम म्हणजे एका अर्थाने त्या वास्तूची संहिताच होय.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिस शहरालगतच्या ईडायना या उपनगरात उभे असलेले ‘साउथडेल सेंटर’ या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. ८ ऑक्टोबर १९५६ रोजी खुली झालेली ही वास्तू पूर्णतः बंदिस्त आणि वातानुकूलित अशा उपनगरी मॉलचा आद्य नमुना मानली जाते. पुढील अर्धशतकात जगभर उभारल्या गेलेल्या असंख्य मॉलची मांडणी थोड्याफार फरकाने हिच्यावरच बेतलेली आहे.

साउथडेलविषयीच्या लेखनात एक कथा वारंवार सांगितली जाते. व्हिक्टर ग्रुएन या ध्येयवादी वास्तुविशारदाने उपनगराला नगराचे हृदय देण्याचे स्वप्न पाहिले. व्यापाऱ्यांनी त्यातील दुकाने तेवढी उचलली आणि नगर टाकून दिले, अशी ही कथा आहे. ग्रुएन यांनीही उत्तरायुष्यात तिला दुजोरा दिला. प्रस्तुत लेखात ही विश्वासघाताची कथा साउथडेलमधील दुकानांच्या बदलत्या क्रमाशी ताडून पाहिली आहे. हा क्रम बारकाईने पाहिल्यास व्यापाऱ्यांच्या लोभाइतकीच मूळ आराखड्यातील एक उणीवही ठळक होते. ग्रुएन यांनी चौक कल्पिला होता. मात्र त्या चौकाची मालकी कोणाची आणि त्यावर नागरिकाचा हक्क कोणता, हा प्रश्न त्यांच्या आराखड्यात अनुत्तरित राहिला.

‘मॉल’ ही संज्ञा आणि ग्रुएन यांची कल्पना

‘मॉल’ या शब्दाचा प्रवास या संदर्भात उद्बोधक आहे. चेंडू आणि लाकडी हातोडा घेऊन खेळला जाणारा ‘पॅल-मॅल’ हा खेळ सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये लोकप्रिय होता. त्यासाठी लागणाऱ्या लांबट वाटेला ‘मॉल’ म्हणत. खेळ मागे पडला, वाट राहिली. पुढे झाडांच्या सावलीतील, सर्वांना फिरण्यास मोकळी असलेली वाट असा या शब्दाचा अर्थ रूढ झाला. दुकानांची बंदिस्त इमारत हा अर्थ अगदी अलीकडचा, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे. मराठीत हा शब्द आला तो केवळ या शेवटच्या अर्थाने. सार्वजनिक वाटेचे नाव खाजगी इमारतीला कसे लाभले, हा प्रश्न केवळ भाषेचा नाही. साउथडेलचा इतिहास हे त्याचे उत्तर आहे.

व्हिक्टर ग्रुएन यांचा जन्म १९०३ मध्ये व्हिएन्ना येथे एका ज्यू कुटुंबात झाला. तेथेच त्यांनी वास्तुकलेचे शिक्षण घेतले. राजकीय विडंबनाच्या रंगमंचावरही ते काम करीत. १९३८ मध्ये नाझी जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर त्यांना देश सोडून अमेरिकेचा आश्रय घ्यावा लागला. न्यूयॉर्कमध्ये त्यांचे नाव झाले ते दुकानांच्या दर्शनी भागांच्या रचनेमुळे. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाची पावले दुकानासमोर कशी रेंगाळतील, याचे त्यांना अचूक भान होते. व्हिएन्नातील चौक, उपाहारगृहे आणि गप्पांचे अड्डे यांची ओढ एकीकडे आणि ग्राहकाला थांबविण्याचे कसब दुसरीकडे, अशा दोन प्रेरणा त्यांच्या कार्यात आरंभापासून एकत्र नांदताना दिसतात.

१९५४ मध्ये डेट्रॉइटच्या उपनगरात त्यांनी रचलेले ‘नॉर्थलँड’ हे खुल्या आवारातील व्यापारी केंद्र यशस्वी ठरले. साउथडेलचे काम मिनियापोलिसमधील डेटन कुटुंबाच्या ‘डेटन्स’ या प्रतिष्ठित विभागीय दुकानाने त्यांच्याकडे सोपविले होते. मिनेसोटातील कडाक्याचा हिवाळा लक्षात घेता खुल्या आवाराचा उपयोग नव्हता. तेव्हा सगळी दुकाने एका छपराखाली, दोन मजल्यांवर आणि आतल्या बाजूस तोंड करून मांडण्यात आली. बाहेरच्या भिंती जवळजवळ कोऱ्या ठेवण्यात आल्या आणि मध्यभागी वरून उजेड घेणारा भव्य चौक आला. त्याला ‘चिरवसंताचे उद्यान’ अशा अर्थाचे नाव देण्यात आले. त्या चौकात झाडे होती, पक्ष्यांचा उंच पिंजरा होता, उपाहारगृह होते आणि हॅरी बर्टोइया यांची ‘सोनेरी झाडे’ ही शिल्पे होती. सुमारे दोन कोटी डॉलर खर्चाच्या या वास्तूत आरंभी ७२ दुकाने होती आणि भोवती ५,००० हून अधिक मोटारी उभ्या करण्याची सोय होती.

तथापि ही इमारत म्हणजे संपूर्ण आराखडा नव्हे. डेटन कुटुंबाने एकूण ४६३ एकर जागेच्या विकासाची योजना आखली होती. सदनिका, घरे, शाळा, वैद्यकीय केंद्र, बाग आणि तळे अशी सगळी वस्ती या चौकाभोवती उभी राहावी, अशी ग्रुएन यांची कल्पना होती. मराठीतील ‘पेठ’ या शब्दात बाजार आणि वस्ती हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. ग्रुएन यांना अभिप्रेत असलेली रचना या शब्दाच्या जवळ जाणारी होती. प्रत्यक्षात मात्र बाजार तेवढा बांधला गेला आणि वस्तीच्या जागी वाहनतळ आला.

उपनगराची पार्श्वभूमी

साउथडेल हे एका कलावंताच्या प्रतिभेचे अपत्य आहे, असे मानणे एकांगी ठरेल. १९५४ मध्ये अमेरिकी करकायद्यात एक महत्त्वाचा बदल झाला. नव्या व्यापारी इमारतीचा घसारा पहिल्या काही वर्षांत झपाट्याने दाखविण्याची मुभा गुंतवणूकदारांना मिळाली. इमारत प्रत्यक्षात नफ्यात असली तरी कागदोपत्री तोटा दाखविता येऊ लागला आणि तो तोटा इतर उत्पन्नातून वजा करून कर वाचविता येऊ लागला. इतिहासकार थॉमस हँचेट यांनी १९९६ मधील आपल्या निबंधात या तरतुदीचा मॉलच्या प्रसाराशी असलेला संबंध स्पष्ट केला आहे. जुन्या बाजारपेठेतील इमारतीची डागडुजी करण्यापेक्षा शहराबाहेरच्या मोकळ्या जमिनीवर नवी इमारत बांधणे या कायद्यामुळे अधिक लाभदायक ठरले. जून १९५६ मध्ये आंतरराज्य महामार्गांचा कायदा संमत झाला आणि त्यानंतर अवघ्या सव्वातीन महिन्यांनी साउथडेलचे दरवाजे उघडले. उपनगराकडे जाणारा रस्ता, तेथील घरासाठी सरकारी हमीचे कर्ज आणि तेथील दुकानासाठी करसवलत अशी तिहेरी मदत शासनाने केली होती. मॉल हे खुल्या बाजाराचे स्वाभाविक फळ होय, हा समज या तपशिलांपुढे टिकत नाही.

याच संदर्भात ईडायनाचा सामाजिक इतिहासही लक्षात घेतला पाहिजे. १९२४ पासून विकसित झालेल्या तेथील ‘कंट्री क्लब’ वसाहतीच्या खरेदीखतांत श्वेतवर्णीयांखेरीज इतरांना घर विकण्यास वा तेथे राहू देण्यास मनाई करणारी कलमे होती. न्यायालयांनी अशी कलमे अमलात आणणे घटनाबाह्य आहे, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला आणि मिनेसोटा राज्याने १९५३ मध्ये नवी वांशिक कलमे घालण्यास बंदी केली. परंतु तोवर वस्तीची घडण होऊन गेली होती. लेखक कॅरी मॅकविल्यम्स यांनी १९४६ मध्ये मिनियापोलिसचे वर्णन ज्यूद्वेषाची राजधानी असे केले होते. वंशद्वेषामुळे परागंदा झालेल्या एका ज्यू वास्तुविशारदाने ‘सर्वांसाठी’ कल्पिलेला चौक अशा परिसरात उभा राहिला. त्या चौकाभोवती कोणी राहावे याचा निर्णय बव्हंशी आधीच झालेला होता. ग्रुएन यांच्या आराखड्यात इमारतींच्या जागा ठरल्या होत्या. त्यांत कोणाला राहता येईल, याविषयी आराखडा मूक आहे.

पाट्यांचा इतिहास

साउथडेलमधील तीन मुख्य दुकानांच्या जागांवरील पाट्यांचा क्रम पाहिला असता अमेरिकी व्यापाराच्या स्थित्यंतराचा आलेखच समोर येतो.

पहिली जागा डेटन्सची. १९०२ मध्ये मिनियापोलिसमध्ये सुरू झालेले हे कौटुंबिक दुकान शहराच्या सार्वजनिक जीवनाचा भाग बनले होते. मॉलचा मालक आणि मॉलमधील सर्वांत मोठा दुकानदार एकच होता, ही साउथडेलच्या पहिल्या पर्वाची महत्त्वाची खूण. पुढे १९६९ मध्ये डेट्रॉइटच्या हडसन्सशी विलीनीकरण होऊन ‘डेटन-हडसन’ ही कंपनी झाली. १९९० मध्ये तिने शिकागोचे ‘मार्शल फील्ड्स’ विकत घेतले. २००१ मध्ये डेटन्सची पाटी उतरून तेथे मार्शल फील्ड्सची पाटी लागली. २००४ मध्ये मार्शल फील्ड्स मे कंपनीला विकले गेले, २००५ मध्ये मे कंपनी फेडरेटेड समूहात विलीन झाली आणि २००६ मध्ये त्याच जागी ‘मेसीज’ ही पाटी आली. मिनियापोलिसच्या दुकानाच्या जागी आधी शिकागोचे आणि नंतर न्यूयॉर्कचे नाव आले. दुकान त्याच ठिकाणी राहिले. मात्र पाटीचे गावाशी असलेले नाते सुटत गेले.

दुसरी जागा डोनाल्डसन्सची. हे डेटन्सचे शहरातील प्रतिस्पर्धी. एकाच मॉलमध्ये दोन प्रतिस्पर्धी विभागीय दुकाने शेजारी आणण्याचा निर्णय त्या काळी धाडसाचा होता. १९८७ मध्ये कार्सन पिरी स्कॉटने डोनाल्डसन्स विकत घेतले. १९९५ मध्ये त्या जागी ‘मर्व्हिन्स’ आले. मर्व्हिन्सही डेटन-हडसनच्याच मालकीचे असल्याने प्रतिस्पर्ध्याची जागा अखेर त्याच कंपनीच्या हाती गेली. २००४ मध्ये तेही बंद झाले. २०११ मध्ये ‘हर्बर्गर्स’ आले आणि २०१८ मध्ये त्याची मालक कंपनी बॉन-टन दिवाळखोरीत निघाल्याने तेही गेले. तिसरी जागा १९७२ मध्ये वाढविण्यात आलेल्या जेसीपेनीची. हे दुकान २०१७ मध्ये बंद झाले. ती इमारत पाडून तेथे ‘लाइफ टाइम’ या कंपनीची बहुमजली व्यायामशाळा उभारण्यात आली आणि ती डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाली.

या क्रमात दोन घटना निर्णायक ठरतात. पहिली घटना मॉलच्या बाहेर घडली. १९६२ मध्ये डेटन कंपनीनेच सेंट पॉल शहराच्या रोझव्हिल या उपनगरात ‘टार्गेट’ हे सवलतीच्या दराचे पहिले दुकान उघडले. स्वतंत्र इमारत, स्वतःचा वाहनतळ आणि कमी किंमत हे त्याचे स्वरूप. त्यात चौक नव्हता, झाडे नव्हती, शिल्पे नव्हती. हेच अपत्य पुढे इतके वाढले की २००० मध्ये कंपनीनेच ‘टार्गेट कॉर्पोरेशन’ हे नाव धारण केले आणि चारच वर्षांत मूळचा विभागीय दुकानांचा व्यवसाय विकून टाकला. मॉल उभारणाऱ्या घराण्याच्या कंपनीनेच मॉलला मागे टाकणारा दुकानाचा प्रकार घडविला, ही या इतिहासातील मोठी विसंगती होय.

दुसरी घटना १९७८ मधील. त्या वर्षी डेटन-हडसन कंपनीने साउथडेलसह आपले मॉल ‘इक्विटेबल’ या विमा कंपनीला विकले. दुकानदार आणि जागामालक यांची फारकत झाली. पुढे २००७ मध्ये मिल्स कंपनीच्या खरेदीबरोबर साउथडेल सायमन या देशव्यापी मॉलकंपनीच्या ताब्यात आले. पहिल्या मालकाला आपल्या गावातील ग्राहकाचे मत विचारात घ्यावे लागत होते. नंतरच्या मालकांसाठी साउथडेल ही अनेक मिळकतींपैकी एक मिळकत झाली.

दुकान का बदलते ?

मॉलमधील दुकाने लोकांच्या आवडीनिवडीनुसार बदलतात, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. ते अंशतः खरे आहे. परंतु मॉलचे अर्थकारण पाहिल्यास चित्र वेगळे दिसते. ज्यांना व्यापारी भाषेत ‘अँकर स्टोअर’ म्हणतात, अशी मोठी दुकाने अत्यल्प भाडे देतात किंवा आपल्या जागेची मालकीच स्वतःकडे ठेवतात. गर्दी खेचून आणणे हे त्यांचे काम. त्या गर्दीचे मोल छोटे दुकानदार चुकवितात. त्यांच्याकडून चौरस फुटामागे चढे भाडे आणि ठरावीक मर्यादेपलीकडील विक्रीतील हिस्सा घेतला जातो. अनेक करारांत असेही कलम असते की मुख्य दुकान बंद पडल्यास छोट्या दुकानदाराला भाडे कमी करून मागता येते किंवा करार मोडता येतो. त्यामुळे एक मोठी पाटी उतरली की अनेक छोट्या पाट्यांचा आधार सुटतो. मर्व्हिन्स किंवा हर्बर्गर्स बंद पडणे ही म्हणूनच एका दुकानापुरती घटना नसते.

येथे जुनी बाजारपेठ आणि मॉल यांतील मूलभूत भेद लक्षात येतो. पेठेत प्रत्येक गाळ्याचा निर्णय वेगवेगळा माणूस घेतो. एखाद्याची स्वतःची जागा असेल तर नफा कमी असूनही तो वर्षानुवर्षे दुकान चालवितो. चाळीस वर्षांचे जुने दुकान आणि काल उघडलेले दुकान तेथे शेजारी असतात आणि पेठेला स्मृती लाभते ती या मिश्रणातूनच. मॉलमध्ये सगळ्या गाळ्यांचा निर्णय एकच भाडेविभाग घेतो. चौरस फुटामागे पुरेसे उत्पन्न न देणाऱ्या दुकानाला तेथे थारा नसतो, मग त्याची वस्तीला कितीही गरज असो. साउथडेलमध्ये दुकाने बदलत राहिली याचे कारण लोकांची चंचलता एवढेच नाही. जुने होण्याची सोयच त्या रचनेत नव्हती.

ग्राहक ठरावीक वस्तू घेण्यासाठी आत येतो आणि वातावरणाने भारावून निरुद्देश भटकू लागतो, या क्षणाला पुढे ‘ग्रुएन ट्रान्सफर’ असे नाव पडले. ही संज्ञा ग्रुएन यांनी दिलेली नाही, किंबहुना त्यांना ती रुचलीही नसती. तरीही ती त्यांच्या नावाने ओळखली जावी यात एक औचित्य आहे. चौकात रमणारा नागरिक आणि दुकानात भरकटणारा ग्राहक यांच्या हालचाली बाहेरून सारख्याच दिसतात. या दोहोंतील भेद वास्तुरचनेतून दाखविता येत नाही. तो भेद हक्काचा आहे.

चौक कोणाचा ?

हा हक्काचा प्रश्न अमेरिकी न्यायालयांपुढे अनेकदा आला. १९६८ मध्ये लोगन व्हॅली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने व्यापारी केंद्र हे जुन्या गावातील बाजारपेठेसमान असल्याचे मानून तेथील कामगारांच्या शांततापूर्ण निदर्शनांना संरक्षण दिले. चारच वर्षांनी, १९७२ मध्ये, लॉइड विरुद्ध टॅनर खटल्यात न्यायालय मागे सरकले. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध पत्रके वाटणाऱ्यांना मॉलमधून बाहेर काढण्याचा मालकाचा अधिकार मान्य झाला. १९७६ मधील हजेन्स खटल्याने लोगन व्हॅलीचा निर्णय पूर्णतः निकालात काढला. १९८० मधील प्रूनयार्ड खटल्यात, राज्यांना आपल्या घटनेनुसार अधिक व्यापक स्वातंत्र्य देता येईल, एवढी वाट मोकळी ठेवण्यात आली.

मिनेसोटाने ती वाट चोखाळली नाही. साउथडेलपासून जवळच ब्लूमिंग्टन येथे १९९२ मध्ये ‘मॉल ऑफ अमेरिका’ हा अवाढव्य मॉल उघडला होता. १९९६ मध्ये तेथे प्राण्यांच्या कातडीच्या वस्त्रांविरुद्ध निदर्शने करणाऱ्यांवर कारवाई झाली. त्या मॉलच्या उभारणीस सार्वजनिक निधीचे साहाय्य झालेले असूनही राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये, विकलंड खटल्यात, मॉलमध्ये अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क लागू होत नाही असा निर्वाळा दिला. १९९६ मध्येच त्या मॉलने शुक्रवारी व शनिवारी संध्याकाळी सोळा वर्षांखालील मुलामुलींना सोबत प्रौढ व्यक्ती असल्याखेरीज प्रवेश नाकारण्याचा नियम केला. गावाच्या चौकात असा नियम करावयाचा झाल्यास लोकप्रतिनिधींना चर्चा करावी लागेल, विरोध ऐकावा लागेल. मॉलमध्ये व्यवस्थापनाचा एक निर्णय पुरेसा असतो.

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. ऑस्ट्रेलियन अभ्यासक मेगन मॉरिस यांनी १९८८ मधील आपल्या निबंधात मॉलकडे केवळ फसवणुकीचे ठिकाण म्हणून पाहण्यास हरकत घेतली आहे. तेथे येणाऱ्या स्त्रिया, वृद्ध आणि तरुण त्या जागेचा आपापल्या परीने उपयोग करतात, आठवणी घडवितात, याकडे त्या लक्ष वेधतात. हा मुद्दा मान्य करावाच लागेल. शून्याखालील थंडीत वृद्धांना चालण्यासाठी, लहान मुलांच्या आयांना बसण्यासाठी साउथडेलइतकी ऊबदार जागा आसपास क्वचितच असेल. मात्र उपयोग आणि हक्क या दोन भिन्न गोष्टी आहेत. ज्या जागेचा उपयोग मालकाच्या संमतीने होतो, तेथील आठवणीसुद्धा भाडेकरूच ठरतात. मुख्य दुकान बंद करण्याचा निर्णय होतो तेव्हा तेथे वीस वर्षे रोज येणाऱ्या माणसाला कोणी विचारत नाही. विचारण्याची तरतूदच नसते.

ग्रुएन यांची खंत आणि तिची मर्यादा

उद्घाटनानंतर लवकरच फ्रँक लॉइड राइट यांनी साउथडेलला भेट दिली आणि बोचरी टीका केली. खेड्यातील रस्त्याचे दोष येथे आहेत, त्याची गोडी मात्र नाही, असा तिचा आशय होता. शहराचा मध्यभाग शहरातच राहू द्यायला हवा होता, असेही त्यांनी सुनावले. त्या वेळी ही टीका एका वृद्ध विक्षिप्ताची म्हणून हसण्यावारी नेली गेली. पुढे ग्रुएन स्वतःच जवळपास त्याच निष्कर्षाप्रत आले. कालामझू शहरात १९५९ मध्ये त्यांच्या योजनेतून जुनी बाजारपेठ पादचाऱ्यांसाठी मोकळी झाली, १९६४ मध्ये त्यांनी शहरांच्या मध्यभागाविषयी स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि १९६८ मध्ये ते व्हिएन्नाला परतले. तेथेही १९७६ मध्ये शहरालगत एक प्रचंड व्यापारी केंद्र उभे राहिले. १९७८ मध्ये लंडनमधील भाषणात त्यांनी आपल्या कल्पनेच्या या अनौरस संततीची जबाबदारी घेण्यास स्पष्ट नकार दिला. दोन वर्षांनी त्यांचे निधन झाले.

ग्रुएन यांची खंत प्रामाणिक होती, यात शंका नाही. प्रश्न असा की जबाबदारी नाकारण्याचा त्यांचा दावा कितपत टिकतो ? जेफ्री हार्डविक यांनी २००४ मधील आपल्या चरित्रग्रंथात ग्रुएन यांच्या व्यवहारचातुर्याचेही दर्शन घडविले आहे. डेटन कुटुंबाला अधिक जमीन घ्यायला लावताना ग्रुएन यांनी व्यापारी युक्तिवादच पुढे केला होता. मॉलमुळे भोवतालच्या जमिनीची किंमत वाढणारच, मग तो लाभ इतरांना का मिळू द्यावा, हा त्याचा गाभा. ज्या जमिनीवर शाळा आणि बाग यायची होती तिचे वर्णन आरंभापासून वाढत्या किमतीची मिळकत असेच झाले होते. किंमत वाढल्यावर मालकाने ती विकली तर त्याला विश्वासघात म्हणता येत नाही. शाळा कोण चालविणार, बागेची मालकी नगरपालिकेकडे जाणार काय, चौकाचे नियम कोण करणार, याची कोणतीही बांधीलकी आराखड्याने निर्माण केली नव्हती. वास्तुविशारदाने नगर रेखाटले आणि ते एका दुकानदाराच्या हाती सोपविले. नगराला लागणारी नगरपालिका त्यात नव्हती.

आजचे साउथडेल

या पार्श्वभूमीवर साउथडेलच्या अलीकडच्या रूपांतराकडे पाहणे आवश्यक ठरते. मॉलशेजारी १९६५ मध्ये रुग्णालय सुरू झाले होते. पुढे परिसरात ग्रंथालयही आले. २०१४ मध्ये मॉलच्या वाहनतळाच्या कडेला भाड्याच्या सदनिकांची इमारत उभी राहिली, २०१८ मध्ये हॉटेल आले आणि २०१९ मध्ये व्यायामशाळा. यावरून ग्रुएन यांचे स्वप्न साठ वर्षांनी साकार झाले, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो.

हा निष्कर्ष घाईचा आहे. घटक तेच असले तरी त्यांना जोडणारा चौक सार्वजनिक झालेला नाही. शिवाय जेसीपेनीच्या जागी आलेली व्यायामशाळा एका सूक्ष्म पण महत्त्वाच्या बदलाची द्योतक आहे. विभागीय दुकानात खिशात पैसा नसलेला माणूसही शिरू शकत असे, वस्तू न्याहाळू शकत असे, थंडीत अर्धा तास काढू शकत असे. व्यायामशाळेत दरमहा वर्गणी भरणारा सभासदच प्रवेश करतो. ज्या मॉलने ग्राहकाला नागरिकाची जागा दिली, त्याच मॉलमध्ये आता ग्राहकाची जागा सभासद घेत आहे. दरवाजा प्रत्येक टप्प्यावर थोडा अधिक अरुंद होत गेला आहे.

साउथडेलच्या नमुन्यावर डेटन्सनेच उभारलेल्या ‘ब्रुकडेल’ या मॉलची कहाणी याहून उदास आहे. १९६२ मध्ये सुरू झालेला तो मॉल २०१० मध्ये बंद पडला आणि बहुतांशी पाडण्यात आला. खुद्द मिनियापोलिसच्या मध्यभागातील डेटन्सचे मूळ भव्य दुकान, मेसीज या नावाने चालत असताना, २०१७ मध्ये बंद झाले. मात्र त्या दुकानासमोरचा ‘निकोलेट मॉल’ हा १९६७ मध्ये पादचाऱ्यांसाठी राखलेला रस्ता आजही आहे. तेथील दुकानेही बदलली, अनेक बंद पडली. तरीही तो रस्ता शहराच्या मालकीचा आहे. तेथे मोर्चा काढता येतो, पत्रके वाटता येतात आणि त्याच्या भवितव्याविषयी नगरसभेत प्रश्न विचारता येतो. ‘मॉल’ या शब्दाचा जुना अर्थ तेथे तग धरून आहे.

समारोप

साउथडेलच्या बदलत्या दुकानांचा हा इतिहास स्वप्न आणि विश्वासघात या चौकटीत मावत नाही. डेटन्सपासून मेसीजपर्यंत आणि जेसीपेनीपासून व्यायामशाळेपर्यंतचा प्रत्येक बदल मालकाच्या अधिकारात, कायद्याला धरून आणि आराखड्यातील मोकळीक वापरूनच झाला. व्यापाऱ्यांनी व्यापार केला, याबद्दल त्यांना दोष देणे सोपे आहे. अधिक कठीण प्रश्न नियोजनकाराला विचारावा लागतो : सार्वजनिक जीवनाची जागा रेखाटताना तिच्यावरील सार्वजनिक हक्क कोणत्या कागदावर नोंदविला ?

उद्यान, शिल्प, पक्षी, ऊब आणि गर्दी या सगळ्यांनी चौकाचा आभास निर्माण होऊ शकतो. चौक मात्र होतो तो तेथे उभे राहण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही तेव्हाच. ग्रुएन यांच्या कल्पनेचे मोठेपण मान्य करूनही, हा एक धडा साउथडेलच्या पाट्या सत्तर वर्षे गिरवीत आल्या आहेत, असे म्हणावे लागते.